वाद्य विकत घेतल्यानंतर



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांची एक पद्धत तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. नवा विद्यार्थी आला की ते पालकांना वाद्यांच्या दुकानाचा पत्ता देत आणि बजावून सांगत, "जाऊन या, बसा, ऐका. पण आज काही घेऊ नका." दुकानदाराला हे माहीत असे आणि त्याची त्याबद्दल तक्रार नसे. आज घेतलं नाही तरी हे गिऱ्हाईक पुढची वीस-पंचवीस वर्षं आपल्याकडे येणार आहे, असा त्या दोघांचाही हिशेब होता.

तो हिशेब आता मोडत चालला आहे, आणि मला आज त्याविषयी बोलायचं आहे. गावातलं खास मालाचं दुकान आणि घरबसल्या फोनवरून होणारी खरेदी, असा हा विषय आहे. मी तो वाद्यांच्या दुकानापुरताच ठेवणार आहे. कपडे, चपला, मिक्सर कुठून घ्यावेत हे सांगण्याचा मला अधिकार नाही. गाणं शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे तंबोरा, तबला आणि पेटी यांच्याबद्दल मी खात्रीने बोलू शकते.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. वाद्य पैसे मोजून घरी आणलं म्हणजे व्यवहार संपत नाही, तिथून तो सुरू होतो. वाद्याला आयुष्यभर एका जाणत्या हाताची गरज लागते आणि तो हात दुकानात असतो. आपण वाद्य दुसरीकडून घेतो तेव्हा त्या हाताची मजुरी बुडवतो, आणि वर्षभराने दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच हाताकडे जातो. हे फार दिवस चालणार नाही.

तंबोऱ्यापासून सुरुवात करू, कारण यात तंबोऱ्याइतकं बोलकं उदाहरण दुसरं नाही.

तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून जातात. घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्यातून तो भरलेला आवाज निघतो. तारेखाली सुताचा धागा घालायचा आणि तो हळूहळू पुढेमागे सरकवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो. जवारी लागली म्हणतात ते हेच. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांच्यावर शोधनिबंध लिहिला. ज्या बिंदूवर तार छेडायची, तिथे ज्या उपस्वरांचं कंपन शून्य असतं, ते उपस्वर त्या तारेतून निघू नयेत, असा युरोपातल्या ध्वनिशास्त्राचा मान्य नियम होता. आपल्या वाद्यांत ते ठणठणीत ऐकू येतात. याचं कारण घोडीच्या त्या वक्र पाठीत आहे, हे रामन यांनी दाखवलं. तबला-मृदंगाच्या शाईवरही त्यांनी काम केलं. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर विस्कळीत असतात, मधल्या शाईच्या वजनामुळे ते एका सुरात येतात. शास्त्रज्ञाने ज्याची कारणं शोधली, ते कारागिराच्या बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

आता अडचण अशी की जवारी कायमची लागत नाही. रोज वाजणाऱ्या तंबोऱ्याच्या तारा घोडीत बारीक खाचा पाडतात. आवाज बसतो, खरखरतो. मग कारागीर घोडी घासतो, तार लावून ऐकतो, पुन्हा घासतो. चार तारांचा आवाज एकसारखा यावा लागतो. पंचम उघडला आणि खरज मुका राहिला तर उपयोग नाही. हात एका बाजूला जरा जास्त पडला की सगळं पहिल्यापासून करायचं, नाहीतर घोडीच बदलायची. कुणाला खुली जवारी आवडते, कुणाला बंद, आणि एकाच गायकाला वयाच्या पन्नाशीत ती वेगळी हवीशी वाटते. हे काम मोजमापाने होत नाही, कानाने होतं. गाणाऱ्याला समोर बसवून, त्याचा सूर ऐकून होतं.

महाराष्ट्रात ही विद्या सर्वांत जास्त साठली ती मिरजेला. तिथला इतिहास आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला लढाया थंडावल्या तशी तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची मागणी आटली. त्याच समाजातले फरीदसाहेब 1850च्या सुमारास वाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. धातू घासणारा हात लाकूड आणि भोपळा घासू लागला. त्यांच्या वंशजांचं आडनावच सतारमेकर झालं आणि मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात सतारमेकरांची गल्ली वसली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे येतात. हा खाण्याचा भोपळा नव्हे, कडू भोपळा. तो वेलावर पुरता पिकू द्यायचा, मग महिनोन्‌महिने वाळवायचा, कापून आतून साफ करायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. ते लाकूडही मुरावं लागतं. घाई केली तर त्याची शिक्षा नंतर गाणाऱ्याला भोगावी लागते.

कारागीर मिरजेत टिकले, कारण त्यांच्या दाराशी गाणारे होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते, विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तिथेच शिकले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी उत्तरायुष्यात मिरज आपलं मानलं. 1937 साली ते गेले, त्यांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मृत्यर्थ तिथे दरवर्षी गाणं होतं. तंबोऱ्याच्या बाबतीत खाँसाहेब किती चोखंदळ होते हे सर्वश्रुत आहे. अशा गायकाने नापसंती दाखवली की कारागिराला पुन्हा बसावं लागे. गिऱ्हाईक आणि कारागीर एकमेकांना घडवत होते. फोनवरच्या बाजारात हे नातंच नसतं. तिथे वाद्य आवडलं नाही तर ते परत जातं, पण का आवडलं नाही हे करणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आता दुकानाच्या हिशेबाकडे येऊ. आपल्या गल्लीतलं वाद्यांचं दुकान चालतं कशावर? दारात रांगा कधीच नसतात. मोठं वाद्य आठवड्याला एखादं गेलं तर गेलं. बाकी तारा, सतारीच्या नख्या, तबल्याची हातोडी, गवसण्या. आषाढीच्या आधी पखवाज आणि टाळ, श्रावणात भजनी मंडळांच्या पेट्या, गणपतीच्या आधी ढोलांची पानं, हा त्यांचा हंगाम. आणि वर्षभर दुरुस्ती. तबल्याची पुडी बदलणं, वादी ओढणं, पेटीचा भाता गळतो तो बघणं, सूर जुळवणं, जवारी काढणं. या दुरुस्तीला लागणारा वेळ आणि तिचे मिळणारे पैसे यांचा मेळ आपल्याकडे कधीच बसला नाही. दोन तास बसून जवारी काढणाऱ्याला पैसे देताना आपल्या कपाळाला आठी पडते. गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात जो माणूस बिलाकडे न बघता पैसे देतो, तोही इथे घासाघीस करतो. मग दुकानदार काय करी? नव्या वाद्याच्या नफ्यातून तो दुरुस्तीची तूट भरून काढी. पालक नवी पेटी घ्यायला येत तेव्हा त्या किमतीत पुढच्या कितीतरी लहानसहान कामांची मजुरी आधीच धरलेली असे. हे कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना माहीत असे.

ऑनलाइन खरेदीने नेमकी हीच जोड तोडली. नफ्याचा भाग दुसरीकडे गेला आणि तुटीचा भाग दुकानात उरला. लोक दुकानात येतात, तीन पेट्या वाजवून बघतात, दुकानदाराकडून पट्टीचा, सुरांच्या ओळींचा, लाकडाचा फरक समजून घेतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन मागवतात. सहा महिन्यांनी तीच पेटी दुरुस्तीला त्याच दुकानात घेऊन येतात. मला हे योग्य वाटत नाही. त्या माणसाचा तासभर आपण घेतला. तो तास फुकट नव्हता.

पेटीवरून एक गोष्ट सांगते. पेटीचे सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, गुजरातमधल्या पालिताण्याच्या नावाजलेल्या आहेत. दोन पेट्या बाहेरून अगदी सारख्या दिसतात, फोटोत तर फरक कळणं अशक्यच. एकीत चांगले जुळवलेले सूर असतात, दुसरीत कसेतरी बसवलेले. पहिले दोन महिने दोन्ही वाजतात. मग दुसरीचा मध्यम उतरतो, तार सप्तकातला एखादा सूर उशिरा बोलतो, आणि मुलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. शिकणाऱ्या मुलाचा कान बेसूर वाद्यावर तयार होणं, ही मला सर्वांत मोठी हानी वाटते. पैसे पुन्हा मिळवता येतात, बिघडलेला कान सुधारायला फार वर्षं लागतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने तबला-डग्ग्याची जोडी ऑनलाइन मागवली. किंमत खरोखर कमी होती, वेष्टनही चांगलं होतं, सोबत कापडी रिंगा आणि हातोडी. वर्गातल्या पेटीच्या सुराला तो तबला येईना. दुकानदार आधी विचारतो की कोणत्या सुरात वाजवायचा आहे, आणि मग तोंडाचा आकार बघून देतो. इथे विचारणारं कुणी नव्हतं. गठ्ठे ठोकून ठोकून सूर वर नेला तेव्हा गजऱ्याजवळ पुडी फाटली. तक्रार करायला गेल्यावर उत्तर मिळालं की वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही. त्यांच्या नियमाप्रमाणे ते बरोबरच असेल. पण वाद्य वाजवल्याशिवाय त्याची परीक्षा कशी होणार? आणि वाद्याचा खरा दोष पहिल्या पावसाळ्यात कळतो. न मुरलेलं लाकूड फुगतं, सांधा सुटतो, चामडं ढिलं पडतं. परत करण्याची मुदत तेव्हा कधीच संपून गेलेली असते. वेबसाइटवर वस्तूखाली दिलेले पाच-पाच तारेही बहुतेक वेळा खोकं उघडलं त्या आठवड्यात, आणि नव्याने शिकायला लागलेल्यांनी दिलेले असतात. त्यावर किती विसंबायचं?

पण मी एकच बाजू सांगितली तर तो अन्याय होईल. दुकानांचेही दोष आहेत आणि त्यांनी ते ऐकले पाहिजेत. कितीतरी दुकानांत वाद्यावर किंमत लिहिलेली नसते, गिऱ्हाईक बघून ती सांगितली जाते. शिकाऊ दिसला की मागचा पडून राहिलेला माल पुढे येतो. "तुम्हाला काय कळतंय" हा सूर मी स्वतः ऐकला आहे. एकट्या आलेल्या मुलीशी न बोलता तिच्या भावाशी बोलणारे दुकानदार मी पाहिले आहेत. गवसणीला आठ दिवस, पुडीला पंधरा दिवस असा शब्द द्यायचा आणि महिना लावायचा, हे तर नेहमीचंच. ऑनलाइन दुकानात किंमत स्पष्ट दिसते, मुलगा-मुलगी बघितलं जात नाही, वस्तू सांगितल्या दिवशी येते. लोक तिकडे गेले त्यात स्वस्ताईइतकाच या वागणुकीचाही वाटा आहे.

शिवाय दुकान प्रत्येक गावात आहे कुठे? गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारच्या डोंगरातल्या एखाद्या शिक्षकाला तंबोऱ्याच्या तारांचा जुडगा हवा असेल, तर टपालाने मागवण्याखेरीज त्याच्यापुढे मार्ग नाही. त्याला दोष देणारी मी कोण? फोनवरच्या तंबोऱ्याचंही तेच. 1970च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरूत जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवायला घेतला, पुढे तो घरोघरी पोचला आणि आता तो फोनमध्ये फुकट मिळतो. प्रवासात मीही लावते. लहान खोलीत राहणाऱ्या, एवढं मोठं वाद्य ठेवायला जागा नसलेल्या मुलांना त्याने रियाज दिला. फक्त एक गोष्ट तो देत नाही. तंबोरा स्वतः लावणं, मणी सरकवत दोन जोडीच्या तारा एक करणं, हा शिक्षणाचाच भाग आहे. बटण दाबून मिळालेल्या सुरात ते शिक्षण नाही.

आणि मिरजेतले कारागीर आज स्वतःही इंटरनेटवर आहेत. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या गिऱ्हाइकाला ते व्हिडिओवर वाद्य वाजवून दाखवतात, त्याचा सूर विचारतात, हवी तशी जवारी काढून मजबूत खोक्यात भरून पाठवतात. परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांत असे तंबोरे मी पाहिले आहेत आणि ते उत्तम आहेत. म्हणजे पडद्यावरून घेतलं एवढ्यानेच काही बिघडत नाही. करणारा माणूस तुम्हाला भेटतो की नाही, आणि वाद्य बिघडल्यावर त्याला पुन्हा गाठता येतं की नाही, यावर सगळं ठरतं. जिथे विकणाऱ्याला वाद्यातलं काही कळत नाही, जिथे पेटीशेजारी प्रेशर कुकर आणि कुकरशेजारी क्रिकेटची बॅट आहे, तिथे माझा आक्षेप आहे.

कायद्याने ग्राहकाला काही साधनं दिली आहेत, ती वापरा. ई-कॉमर्ससाठीच्या 2020च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि माल कुठल्या देशातला आहे हे दाखवणं बंधनकारक आहे. मागवण्याआधी ते वाचा. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडे बनलेल्या वाद्याला मिरजेचं नाव लावून ते विकता येत नाही. पण हे मानांकन नावाचं रक्षण करतं, कारागिराच्या पोटाचं नाही. विचारणारं गिऱ्हाईक नसेल तर ते कपाटातल्या कागदावर राहील. "हा मिरजेचा" असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या कारागिराचा? चांगला विक्रेता नाव सांगेल.

सरकारने हाताने घडवलेल्या देशी वाद्यांवर जीएसटी ठेवलेला नाही, हे चांगलंच आहे. पण कारागिराची खरी अडचण कराची नाही. त्याच्या मुलाला या कामात भवितव्य दिसत नाही, ही आहे. जवारी शिकायला वर्षं लागतात, त्या वर्षांत उत्पन्न तुटपुंजं, आणि पुढेही दोन तासांच्या कामाला लोक आठ्या घालणार. तो सांगली-मिरजेतल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या कारखान्यात नोकरी धरतो, आणि मी त्याला कोणत्या तोंडाने थांबवू? जुने कारागीर थकले की त्यांच्याबरोबर हातातली विद्याही जाणार. ती पुस्तकात उतरत नाही. रामन यांच्या निबंधावरून कुणाला जवारी काढता येणार नाही.

म्हणून पालकांना, विद्यार्थ्यांना आणि विशेषतः संस्थाचालकांना माझ्या काही विनंत्या आहेत.

पालकांनी पहिलं वाद्य गुरूंना किंवा जाणत्या माणसाला सोबत घेऊन दुकानात जाऊन घ्यावं. किंमत जास्त वाटली तर का जास्त आहे ते विचारावं, उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दुकानात जावं. दुकानात वाजवून बघितलेलं वाद्य दुसरीकडून मागवू नये. आणि दुरुस्तीचे पैसे देताना घासाघीस करू नये. ज्या शहरात डॉक्टरच्या तपासणीला आपण न बोलता पैसे देतो, तिथे जवारीलाही द्यावेत.

दुकानदारांनी किमती लिहाव्यात, दुरुस्तीचे दर भिंतीवर लावावेत आणि ते पुरेसे ठेवावेत. नव्या वाद्याच्या नफ्यात दुरुस्तीची मजुरी लपवण्याचे दिवस गेले. सल्ल्याचेही पैसे घ्या, वाद्य तुमच्याकडून घेतलं तर ते किमतीतून वजा करा. दिलेल्या तारखेला काम द्या. एवढं केलंत तर निम्मं गिऱ्हाईक आपणहून परत येईल, असा माझा विश्वास आहे.

संस्थाचालकांवर माझा रोख सर्वांत जास्त आहे, कारण मीही संस्थेत काम करते. शाळा, संगीत विद्यालयं आणि महाविद्यालयं वाद्यं घेताना कमीत कमी दराची निविदा मंजूर करतात. मग दहा पेट्या येतात, दोन वर्षांत सहा मुक्या होतात, आणि त्या स्टोअररूममध्ये धूळ खात पडतात, कारण मागणीपत्रात दुरुस्तीचा एक शब्दही नसतो. यापुढे प्रत्येक खरेदीपत्रात तीन वर्षांची देखभाल घाला आणि तिचे पैसे वेगळे धरा. तुमच्या शहरातल्या एका कारागिराला वर्षाचं ठरावीक मानधन द्या, त्याने महिन्यातून एक दिवस तुमच्याकडे येऊन सगळी वाद्यं बघावीत. त्या दिवशी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना त्याच्या शेजारी बसवा आणि त्याचं काम बघू द्या. वीस-पंचवीस संस्थांनी हे केलं तर एका तरुण कारागिराचं घर त्यावर चालू शकेल.

या व्याख्यानमालेच्या संस्थेकडेही तंबोऱ्यांची एक जोडी आहे. आजच्या कार्यक्रमाआधी मी ती लावायला घेतली होती. एकाची जवारी पूर्ण बसली आहे. कार्यकारिणीने या महिन्यातच त्या तंबोऱ्यासाठी कारागिराला बोलवावं आणि त्याचं मानधन पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात कायमचं घालावं, अशी माझी विनंती आहे.